तोंडलीच्या पाल्याचं थाई सूप

बँकॉकच्या भाजी मार्केटमध्ये तोंडलीचा पाला जुडी बांधून विकायला असतो. तोंडली नाही हां, पाला. वेलाचे कोवळे शेंडे, वीत-दीड वीत लांब, हिरवेगार, टोकाला ते वळलेले तंतू तसेच. थाई लोक याला तामलुंग म्हणतात आणि ही अगदी रोजची भाजी आहे, विकत घेतली नाही तरी कुंपणावर, रिकाम्या प्लॉटवर कुठेही आपोआप चढलेली दिसते. आई इकडे आली होती तेव्हा मार्केटात माझ्या आधी तिनेच ती उचलली, पान उलटं-सुलटं करून बघितलं, देठ मोडून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर तोंडल्याचा वेल. हे लोक पाला खातात काय याचा?"

खातात, आणि त्याचं जे सूप करतात ते मला थाई जेवणातलं सगळ्यात जास्त आवडणारं आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आईचं असं झालं होतं की बाहेरचं काही तिला झेपेना. तिखटाचं तिला वावडं नाही, कोकणातली आहे, पण इथलं तिखट, आंबट आणि गोड एकाच घासात येतं ते तिला नको वाटायचं, वर अ‍ॅसिडिटी, वर पावसाळ्याचे दिवस, हवा नुसती दमट. दोन-तीन दिवस वरणभात आणि दहीभात झाला. मग आमच्या शेजारच्या पा (आईहून मोठ्या बाईला इथे पा म्हणायची पद्धत आहे, आपल्या मावशीसारखं) त्यांनी विचारलं की आई जेवत का नाही. मी माझ्या मोडक्यातोडक्या थाईत सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तामलुंगचं गेंग ज्यूद कर की. आणि कर म्हणून थांबल्या नाहीत, संध्याकाळी स्वतः आल्या.

गेंग ज्यूद हा एकच पदार्थ नाही, सगळा प्रकारच आहे. पाण्यासारखा स्वच्छ रस्सा, त्यात खिम्याचे छोटे गोळे आणि एखादी भाजी. मिरची नाही, नारळाचं दूध नाही, गवती चहा नाही, लिंबू नाही. आपल्याकडे थाई सूप म्हणजे टॉम यम, आणि आता तर टॉम यम कुंग २०२४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत पण गेलं, चांगलंच आहे, पण थाई घरात संध्याकाळी जे पातेलं गॅसवर असतं त्यात बरेचदा हे साधं सूप असतं. लहान मुलांना भरवायला हेच, आजाऱ्याला हेच, म्हाताऱ्या माणसांना हेच. आणि धडधाकट माणसांना सुद्धा, कारण ताटात दुसरीकडे तिखटजाळ नाम प्रिक म्हणजे चटणी असते, तळलेला मासा असतो, आणि मधे मधे हे सूप चमच्याने भातावर घ्यायचं की तोंड परत शांत होतं आणि पुढचा घास घ्यायला तयार. आपल्याकडे वेगळं वाटीत घेऊन आधी पितात तसं नाही, जेवणभर ते मधे ठेवलेलं असतं. हे कळल्याशिवाय त्याची चव कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं रेस्टॉरंटमध्ये स्टार्टर म्हणून मागवलं तर तुम्हाला ते फिकं वाटणार.

आता कृती. सगळ्यात आधी स्टॉक, कारण त्याला वेळ लागतो. इथे चिकनवाल्याकडे मांस काढून घेतलेला कोंबडीचा सांगाडा वेगळा मिळतो, अगदी स्वस्तात, तो एक घ्यायचा. धुवून गार पाण्यात टाकायचा, दीड लिटर पाणी पुरे. गरम पाण्यात टाकायचा नाही, गारच, मग गॅस लावायचा. उकळी यायला लागली की करडा फेस वर येतो तो झाऱ्याने काढत राहायचा आणि गॅस एकदम बारीक. पा इथे फार कडक होत्या. पातेलं खदखदायला लागलं की लगेच हात पुढे करून गॅस कमी. खदखदलं की रस्सा गढूळ होतो आणि या सूपमध्ये लपवायला काहीच नाही, ना हळद ना मसाला, त्यामुळे रस्सा स्वच्छ हवा तर हवाच. त्यात अर्धा पांढरा मुळा जाड तुकडे करून, दोन कोथिंबिरीची मुळं ठेचून, चार-पाच अख्खी मिरी. झाकण अर्धवट ठेवून पाऊण तास. बास. मुळ्याचा उग्र वास जातो आणि पाण्याला गोडवा येतो, साखर घालायला लागत नाही. घाई असेल तर बऱ्याच थाई घरांत सरळ क्यूब टाकतात आणि त्यात काही वावगं नाही, पण वेळ असेल तर सांगाडा घ्याच, फरक पडतो.

स्टॉक होतोय तोपर्यंत पाला निवडायचा. हे काम आई आणि पा दोघींनी केलं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पा एक शेंडा घेऊन दाखवायच्या, आई तसं करायची. वळलेले तंतू खुडून टाकायचे, ते शिजत नाहीत, दातात अडकतात. शेंड्याची वरची तीन-चार पानं देठासकट ठेवायची, खालचा देठ नखाने मोडून बघायचा, कट्कन मोडला तर घ्यायचा, वाकला तर टाकायचा आणि मोडताना शीर निघते ती ओढून काढायची. आई म्हणाली, हे शेवग्याच्या पाल्यासारखं किंवा लाल माठासारखं नाही, हे वालाच्या शेंगा निवडल्यासारखं आहे, आणि तिचा हात पा पेक्षा भराभर चालायला लागला. मग पा नी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एक पान साधारण अखंड, कडा थोड्या आत गेलेल्या, दुसरं खोल खोल कापल्यासारखं. कापल्यासारखं असतं ते नर वेलाचं आणि ते खाल्लं की काहींचं पोट बिघडतं, पोट नाजूक असेल तर अखंड पानाचं घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. इथे बरेच लोक हे मानतात. तोंडलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात हे मात्र खरंच आहे, तोंडली लागतात ती मादी वेलालाच. आईला हे मी मराठीत सांगितल्यावर ती लगेच म्हणाली की म्हणूनच आपल्या परसात एका मांडवावर नुसता पाला माजायचा आणि एक तोंडलं धरायचं नाही, तुझे आजोबा शेवटी वैतागून तो उपटायला निघाले होते.

तोंडल्याची भाजी, तोंडली भात, काजू घालून तोंडली, हे सगळं खात मोठा झालोय मी, पण त्याचा पाला पोटात जाऊ शकतो हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि चवीला तो खरंच छान आहे, पालकासारखा तुरट नाही, मेथीसारखा कडू नाही, किंचित गोडसर आणि शिजल्यावर मऊ.

आता या सूपचा जीव कशात आहे तर लसूण, कोथिंबिरीची मुळं आणि पांढरी मिरी यांच्या वाटणात. या तिघांची जोडगोळी थाई स्वयंपाकात इतक्या ठिकाणी येते, मॅरिनेशनला, तळणाला, सूपला, की त्यांना इथे तीन दोस्तच म्हणतात. प्रमाण पाव किलो खिम्याला तीन मुळं, इथल्या बारीक लसणीच्या सात-आठ पाकळ्या, आणि अर्धा चमचा पांढरी मिरी. कोथिंबीर इथे मुळांसकटच मिळते. मुळांना माती फार असते, बोटाने घासून, सुरीने वरवर खरवडून, दोन-तीन पाण्यातून काढायची. मग बारीक चिरून आधी मिरी आणि चिमूटभर मीठ खलबत्त्यात, ती भरड झाली की मुळं, ती पूर्ण मोडली की शेवटी लसूण. हा क्रम महत्त्वाचा, कडक ते मऊ असा. लसूण आधी टाकली तर सगळं निसरडं होतं आणि मिरी बत्त्याखालून पळत राहते. मिक्सर चालेल का, तर एवढंसं वाटण मिक्सरच्या भांड्यात फिरतच नाही, कडेला चिकटून बसतं. इथल्या घरात दगडी खलबत्ता असतोच, ग्रॅनाइटचा, जड, चोनबुरीजवळच्या आंग सिला गावचे खल प्रसिद्ध आहेत. (सोम तामचा खल वेगळा, तो मातीचा आणि बत्ता लाकडी, त्यात कच्ची पपई नुसती हलकी ठेचतात, वाटत नाहीत.) पा चा खल त्यांनी उचलून आमच्याकडे आणला होता, आईने दोन ठोके टाकले आणि तिला तो इतका आवडला की भारतात न्यायचा हट्ट, पण वजन बघता ते शक्य नव्हतं.

कोथिंबिरीच्या मुळांबद्दल मला मनापासून सांगायचंय. पानांचा वास आपल्याला माहीत असतो, मुळाचा वास त्याच जातीचा पण जास्त खोल, मातकट, आणि मुख्य म्हणजे तो उकळल्यावर उडून जात नाही. पानं रस्स्यात टाकली की पाच मिनिटांत त्यांचा दम संपतो. मुळं पाऊण तास उकळली तरी वास राहतो. आपल्याकडे गावातल्या बाजारात मुळांसकट जुडी मिळते आणि आपण घरी आल्या आल्या तेवढा भाग कापून केराच्या डब्यात टाकतो. टाकू नका. धुवून, पुसून, डबीत घालून फ्रीजरला ठेवा, महिनाभर सहज राहतात.

वाटण झालं की अर्ध्याहून जास्त खिम्यात घालायचं. थाई घरात बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो, आम्ही चिकनचा घेतला. चिकनचा खिमा नुसत्या ब्रेस्टचा घेऊ नका, कोरडा होतो, मांडीचा सांगा. त्यात एक चमचा नाम प्ला, म्हणजे फिश सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर, आणि एका दिशेने हाताने फेटायचं, चिकट होईपर्यंत. दहा मिनिटं फ्रीजमध्ये. मग उकळत्या (पण खदखदत नसलेल्या) स्टॉकमध्ये चमच्याने छोटे छोटे गोळे सोडायचे. गोल वळायची गरज नाही, ओबडधोबडच छान लागतात, कडेच्या टोकांत रस्सा धरतो. ते वर तरंगले की शिजले, वर आणखी दोन मिनिटं. उरलेलं वाटण थोड्या तेलात मंद परतून वेगळं ठेवायचं, ते वरून.

फिश सॉसच्या वासाने बऱ्याच मराठी लोकांची नाकं मुरडतात, त्यात मासे खाणारे सुद्धा आले. बाटली उघडून नाकाशी नेली तर वास येणारच. पण तो आहे काय, तर मांदेलीच्या कुळातले छोटे मासे आणि मीठ, मोठ्या टाक्यांत वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवून निघालेलं पाणी, बाकी काही नाही. रायोंगकडच्या किनाऱ्यावर याचा मोठा धंदा आहे. उकळत्या रस्स्यात दोन चमचे पडलं की एका मिनिटात माशाचा वास जातो आणि खाली एक भरीव खारटपणा राहतो जो नुसत्या मिठाने येत नाही. आईला मी आधी रस्सा मीठ घालून चाखायला दिला, मग नाम प्ला घालून. दुसरा चमचा तोंडात गेल्यावर ती काही बोलली नाही, वाटी पुढे केली. घेताना लेबल बघून घ्या, मासे, मीठ आणि फार तर साखर, याच्या पलीकडे मोठी यादी असेल तर ठेवून द्या.

त्यानंतर वुन सेन. काचेसारख्या दिसणाऱ्या पातळ शेवया, मुगाच्या स्टार्चच्या. एक छोटं पॅकेट साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायचं, गरम पाणी नको, मऊ झाल्या की कात्रीने दोन-तीनदा कापायच्या नाहीतर चमच्यात येत नाहीत आणि वाढताना सगळा गुंता एकाच्याच वाटीत जातो. शिवाय अंड्याचा टोफू, तो इथे प्लास्टिकच्या नळीत येतो, नळी सुरीने मधोमध कापायची आणि हलक्या हाताने दाबून बाहेर काढायचा, मग बोटभर जाडीच्या चकत्या. एवढा मऊ असतो की ढवळायला गेलं तर मोडतो. टोफू आधी, दोन मिनिटांनी शेवया, आणि शेवया गेल्या की त्यानंतर फार वेळ काढायचा नाही कारण त्या रस्सा पीत बसतात.

सगळ्यात शेवटी पाला. इथे पा नी सगळ्यांना आधी टेबलावर बसायला लावलं. भात वाढून झाला, ताटं मांडून झाली, मग त्यांनी गॅस मोठा केला, पहिल्यांदाच, आणि दोन मोठ्या मुठी पाला एकदम आत. झाकण नाही. पळीने एकदा खाली दाबला, तो क्षणभर पोपटी झाला, मग गडद हिरवा, आणि लगेच गॅस बंद. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. पाल्यासाठी सूप थांबवायचं नाही, सूपसाठी माणसं थांबवायची, हा त्यांचा नियम. जास्त शिजला की रंग काळपट पडतो आणि रस्स्याला गवताचा वास लागतो. वरून परतलेल्या लसणीचं ते तेल, ताजी पांढरी मिरी कुटून, थोडी कोथिंबीर.

पांढरी मिरी नसेल तर काळी घाला असं लोक सांगतात, मी सांगणार नाही. पांढरी म्हणजे पिकलेल्या मिरीची साल भिजवून काढलेली, तिचा तिखटपणा घशात उशिरा येतो आणि सूप संपल्यावर छातीत ऊब राहते, सर्दीत तर फारच बरं वाटतं. काळी मिरी आधी नाकाला लागते. या सूपमध्ये तो झटका नको.

सोबत त्या दिवशी प्ला थू होता, तळलेला. हा आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, थोडा आखूड आणि रुंद. मे क्लोंगचा नावाजलेला. बाजारात वाफवून, बांबूच्या गोल टोपलीत दोन-तीन असे बसवून विकतात, टोपलीत मावावा म्हणून मान मोडून डोकं खाली वळवलेलं असतं. आईने टोपली बघितल्या बघितल्या बांगडा ओळखला आणि मान का मोडली यावरून भाजीवालीच्या समोरच मला दोन प्रश्न विचारले. जेवताना तिने भातावर सूप घेतलं, काटा काढून बांगडा कुस्करला, आणि पा नी पुढे केलेली नाम प्लातली मिरची अगदी थेंबभर लावून बघितली. भात दुसऱ्यांदा घेतला. इकडे आल्यापासून पहिल्यांदाच. पा ना ते माझ्या आधी दिसलं, त्यांनी मला कोपराने ढोसलं.

नंतर आई असेपर्यंत हे सूप आमच्याकडे सतत होत राहिलं, भाजी बदलून. चायनीज कोबी घालून, काकडीत खिमा भरून, कारलं घालून (कारलं मात्र वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, अर्धवट नाही). शाकाहारी करायचं तर सांगाड्याऐवजी सुके शिताके मशरूम भिजवून त्यांचं पाणी, मुळा, थोडा कोबी, आणि नाम प्लाच्या जागी पातळ सोया सॉस, अंड्याचा टोफू बदलून साधा टोफू. इथे ऑक्टोबरच्या आसपास जे नावाचा व्रताचा काळ येतो, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात, तेव्हा असं सूप सगळीकडे मिळतं, फक्त तेव्हा त्यात लसूण पण नसते कारण जे मध्ये मांस-मासे-अंड्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य. आईला हे ऐकून फार आपलंसं वाटलं, चातुर्मासात ती पण कांदा-लसूण खात नाही.

भारतात करायचं म्हटलं तर अडतं कुठे? नाम प्ला आणि वुन सेन मोठ्या शहरांत दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात, पांढरी मिरी वाण्याकडे मिळते, कोथिंबिरीची मुळं सांगितलीच. अंड्याचा टोफू नाही मिळाला तर सोडून द्या, नाहीतर एक अंडं फेटून शेवटी धारेने सोडा. राहिला पाला. कोकणात कुणाच्या परसात वेल असेल तर कोवळे शेंडे मागून आणा, फवारणी केलेली नाही ना तेवढं विचारून घ्या. नाहीच मिळाला तर कोहळा घ्या. थाई लोक कोहळ्याचं हेच सूप करतात आणि तेही तितकंच घरगुती आहे, साल आणि बिया काढून मोठ्या फोडी, पण त्या पाल्यासारख्या शेवटी नाही, खिम्याच्या गोळ्यांच्या आधी टाकायच्या, फोड आरपार दिसायला लागली की शिजली. शेवया त्या दिवशी घालू नका, कोहळ्याच्या सूपला त्या लागत नाहीत. आई आता संगमेश्वरला असंच करते, कोंबडीच्या हाडांवर, आणि फिश सॉसची बाटली मी येता-जाता नेऊन देतो.